इंजिन ऑइल स्वतः बदलताना आणि ग्रेड निवडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तेच तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून एकदाच सविस्तर उत्तरं लिहून ठेवली आहेत. सुरुवात सोप्या प्रश्नांपासून आहे, पुढे अडचणीचे आणि अपवादाचे येतात. एक निरीक्षण आधीच नोंदवतो. ग्रेड कोणतं यावर लोक तासन्‌तास वाद घालतात, पण डिपस्टिक (इंजिनातल्या ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) मात्र सहा-सहा महिने बाहेर काढत नाहीत. इंजिनं बहुतेक वेळा बसतात ती ऑइल कमी पडल्याने, सैल राहिलेल्या ड्रेन प्लगने (जुनं ऑइल खालून सोडायचं बूच) किंवा चुकीच्या बसवलेल्या फिल्टरने. म्हणून ग्रेडची उत्तरं वाचून थांबू नका, ८ ते ११ हे प्रश्नही वाचा.

१. डब्यावर ५डब्ल्यू-३० लिहिलेलं असतं, त्याचा नेमका अर्थ काय?

डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेच्या जे३०० या मानकातून हे आकडे येतात आणि ते फक्त ऑइलचा दाटपणा सांगतात, दर्जा नाही. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतल्या वागणुकीचा. गारठलेलं इंजिन स्टार्टरला फिरवता येईल का, याची चाचणी ०डब्ल्यूसाठी उणे ३५ अंश सेल्सियसला होते, ५डब्ल्यूसाठी उणे ३०, १०डब्ल्यूसाठी उणे २५ आणि १५डब्ल्यूसाठी उणे २० अंशांना. नंतरचा आकडा इंजिन पूर्ण तापल्यावरचा. १०० अंशांना ऑइलचा दाटपणा ९.३ ते १२.५ सेंटिस्टोकच्या (दाटपणा मोजायचं एकक) दरम्यान असेल तर ते ३०, आणि १२.५ ते १६.३ असेल तर ४०. त्यामुळे ५ किंवा ३० हे अंशही नाहीत आणि टक्केही नाहीत, ती नुसती वर्गांची नावं आहेत.

२. म्हणजे ते थंड असताना ५ इतकं पातळ आणि तापल्यावर ३० इतकं जाड होतं का?

नाही, आणि हा गैरसमज सगळ्यात चिवट आहे. तापल्यावर जाड होणारं इंजिन ऑइल नसतं. एखादं नेहमीचं ५डब्ल्यू-३० घ्या. ४० अंशांना त्याचा दाटपणा साठच्या आसपास असतो, १०० अंशांना तो अकरावर येतो. शून्याला तेच ऑइल काहीशे सेंटिस्टोक असतं. सकाळी पहिल्यांदा गाडी चालू करताना इंजिनात असतं ते ऑइल तापलेल्या ऑइलपेक्षा कितीतरी पट घट्ट असतं. इंजिनाची झीज सुरुवातीच्या काही मिनिटांत जास्त होते, त्याचं एक कारण हेच.

मल्टिग्रेडची करामत एवढीच की तापमान वाढताना ते साध्या ऑइलपेक्षा कमी पातळ होतं. हे काम त्यात मिसळलेले पॉलिमर करतात. बेअरिंग आणि पिस्टनमध्ये भरडून हे पॉलिमर हळूहळू तुटतात, म्हणून ऑइल वापरून वापरून थोडं पातळ होतं.

३. माझ्या गाडीला कोणतं ग्रेड घालू?

गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत आहे ते. उत्तर रुक्ष आहे, पण दुसरं खरं उत्तर नाही. पुस्तिका हरवली असेल तर ऑइल भरायच्या झाकणावर बघा, बऱ्याच गाड्यांवर ग्रेड तिथेच छापलेलं असतं. नाहीतर उत्पादकाच्या संकेतस्थळावर मॉडेल, वर्ष आणि इंजिनचा प्रकार टाकून पुस्तिका शोधा. एकाच मॉडेलच्या दोन इंजिनांना वेगवेगळं ऑइल लागू शकतं, त्यामुळे ‘शेजाऱ्याची पण हीच गाडी आहे’ हा आधार धरू नका.

काही पुस्तिकांत बाहेरच्या तापमानानुसार दोन-तीन ग्रेड दिलेले असतात. तिथे पहिला आकडा तुमच्याकडच्या सगळ्यात थंड सकाळवरून ठरवा. पारा कधीच शून्याखाली जात नसेल तर १०डब्ल्यूनेही इंजिन सहज फिरतं, पण म्हणून ०डब्ल्यू किंवा ५डब्ल्यू वापरल्याने काही बिघडत नाही. दुसऱ्या आकड्याशी खेळण्याआधी प्रश्न १५ आणि १६ वाचा.

४. ग्रेड तर जुळलं. मग डब्यावर एपीआय एसपी, सीके-४, सी३ असं जे लिहितात ते बघायचं का?

बघायचंच. ग्रेड हे अर्धंच उत्तर आहे. दोन डब्यांवर ५डब्ल्यू-३० असूनही एक तुमच्या गाडीला योग्य आणि दुसरं घातक असू शकतं, ते या अक्षरांमुळे.

एपीआय या अमेरिकन पेट्रोलियम संस्थेच्या वर्गीकरणात एसने सुरू होणारे वर्ग पेट्रोल इंजिनांसाठी आणि सीने सुरू होणारे डिझेलसाठी. पेट्रोलमध्ये पुढचं अक्षर जितकं नंतरचं तितका वर्ग नवा: एसएन २०१० चा, एसपी २०२० चा, एसक्यू २०२५ चा. पुस्तिकेत एसएन म्हटलं असेल तर एसपी चालतं, उलटं नाही. छोट्या टर्बो पेट्रोल इंजिनांत कमी वेगाला जोर दिल्यावर मिश्रण ठिणगीच्या आधीच पेटण्याची खोड असते आणि त्यात पिस्टन फुटू शकतो. एसपीमध्ये त्यावर चाचणी आहे, तशीच टायमिंग चेनच्या झिजेवरही. डिझेलमध्ये मात्र ‘नवं ते जुन्याला चालतं’ हा नियम आंधळेपणाने लावू नका. सीके-४ आणि एफए-४ हे दोन्ही वर्ग २०१६ साली एकत्रच आले, पण एफए-४ मुद्दाम पातळ ठेवलेलं आहे आणि ज्या इंजिनाला उत्पादकाने परवानगी दिली आहे त्यातच ते घालायचं.

एसीईए या युरोपातल्या वाहन उत्पादकांच्या संघटनेच्या पद्धतीत ए आणि बी हे वर्ग साध्या पेट्रोल-डिझेल गाड्यांसाठी, तर सी वर्ग एक्झॉस्टमध्ये काजळीचा फिल्टर असलेल्यांसाठी. ऑइल जळल्यावर त्यातल्या धातूंची राख उरते आणि ती त्या फिल्टरमध्ये कायमची अडकते. काजळी जाळून टाकता येते, राख नाही. म्हणून सी३ मध्ये राखेची मर्यादा ०.८ टक्के ठेवली आहे. तुमच्या डिझेल गाडीला असा फिल्टर असेल तर कमी राखेच्या ऑइलबाबत तडजोड नको. तो फिल्टर बदलण्याचा खर्च कितीतरी वेळा भरलेल्या ऑइलपेक्षा जास्त असतो.

याशिवाय काही उत्पादक स्वतःचे मंजुरी क्रमांक देतात. डब्यावर ‘मंजूर’ आणि ‘योग्य’ हे दोन वेगळे शब्द आहेत. पहिल्यामागे उत्पादकाची चाचणी असते, दुसऱ्यामागे ऑइलवाल्याचा शब्द.

५. मिनरल, सेमी सिंथेटिक की फुल सिंथेटिक?

पुस्तिकेतली ग्रेड आणि वर्ग जे ऑइल पूर्ण करतं ते चालेल, मग डब्यावर काहीही लिहिलेलं असो. ०डब्ल्यू-२० सारखी ग्रेडं मिनरलमध्ये बनवणंच शक्य होत नाही, त्यामुळे तिथे निवडीचा प्रश्नच नाही. टर्बो, कडाक्याची थंडी, सतत ओझं किंवा लांब अंतराने बदल, यापैकी काही असेल तर सिंथेटिक घ्या. ‘एकदा सिंथेटिक घातलं की परत मिनरलवर येता येत नाही’ ही नुसती वदंता आहे. दोन्ही एकमेकांत मिसळतात. आणि हो, सिंथेटिक म्हणून विकलं जाणारं बरंचसं ऑइल कच्च्या तेलावरच कडक प्रक्रिया करून बनवलेलं असतं. त्यात फसवणूक नाही, पण त्या शब्दाला फार भुलू नका.

६. किती किलोमीटरनंतर बदलायचं? गाडी चालतच नसेल तर?

पुस्तिकेत किलोमीटर आणि महिने असे दोन आकडे असतात, जो आधी येईल तो धरायचा. बऱ्याच गाड्यांना १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष असं असतं. त्याच्या खालचा बारीक टाइपातला मजकूर कुणी वाचत नाही: खडतर वापर असेल तर अंतर कमी करा, अनेकदा निम्मं. खडतर म्हणजे डोंगरच असं नाही. रोज तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्या, ताटकळत जाणारी रहदारी, धूळ, ट्रेलर ओढणं, हे सगळं त्यात आलं.

जी गाडी कमी चालते तिचं ऑइल जास्त टिकेल असं वाटतं, पण होतं उलटं. छोट्या फेरीत इंजिन पुरतं तापत नाही, त्यामुळे आत जमणारं पाणी आणि न जळलेलं पेट्रोल उडून जात नाही. ते ऑइलमध्येच राहतं आणि आम्ल तयार होतं.

७. घरी बदलायला काय काय लागतं?

ऑइल, नवा फिल्टर, ड्रेन प्लगचा नवा वॉशर, प्लगला नेमका बसणारा रिंग पाना किंवा सॉकेट, फिल्टर काढायचा पाना, ऑइल मावेल असं पसरट भांडं, नरसाळं, फडकी आणि हातमोजे. टॉर्क रेंच (ठरवलेल्या जोरानेच आवळणारा पाना) असेल तर उत्तम. गाडी उचलावी लागत असेल तर स्टँडची जोडी किंवा रॅम्प हवेतच. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली डोकंसुद्धा घालू नका. जॅकचा सील गेला तर गाडी इशारा देऊन खाली येत नाही.

८. क्रम सांगा. आधी काय, मग काय?

गाडी सपाट जागी घ्या. इंजिन पाचेक मिनिटं चालवून बंद करा. ऑइल कोमट झालं की पातळ होतं आणि तळाचा गाळ घेऊन उतरतं. लांबचा प्रवास करून आला असाल तर उलट थोडं थांबा, नाहीतर हात भाजेल. हँडब्रेक लावा, जमिनीवर राहणाऱ्या चाकांना अडण्या लावा, गाडी उचलून स्टँडवर टेका आणि खाली जाण्याआधी हाताने जोरात हलवून बघा.

बोनेट उघडून ऑइल भरायचं झाकण काढून ठेवा, हवा आत गेली की ऑइल सरसर उतरतं. खाली प्लास्टिकचं किंवा पत्र्याचं गार्ड असेल तर ते काढा. आता ड्रेन प्लग शोधा आणि खात्री करा की तो इंजिनाच्या चेंबरचाच (तळाशी ऑइल साठणारं भांडं) आहे. गिअरबॉक्सचा प्लग उघडून त्याचं ऑइल सांडणारे आणि मग इंजिनात वरून दुप्पट ऑइल ओतणारे लोक दरवर्षी भेटतात. शंका असेल तर पुस्तिकेतलं चित्र बघा. उतरणारं द्रव लालसर असेल तर लगेच प्लग परत लावा.

प्लग शेवटच्या आट्यांवर आल्यावर आत दाबून धरत फिरवा आणि मग झटकन बाजूला घ्या. पहिली धार वाटते त्यापेक्षा लांब पडते, भांडं थोडं पुढे ठेवा. दहा-पंधरा मिनिटं निथळू द्या. मग नवा वॉशर घालून प्लग लावा (प्रश्न ९), फिल्टर बदला (प्रश्न १०) आणि मगच वरून ऑइल भरा (प्रश्न ११). हा क्रम इतका उघड आहे की सांगायची गरज नाही असं मलाही वाटायचं. मग प्लग न लावताच ऑइल ओतल्याचं तिसऱ्यांदा ऐकलं आणि मत बदललं.

भरून झाल्यावर झाकण लावा आणि इंजिन चालू करा. रेस देऊ नका. ऑइलचा लाल दिवा काही सेकंद राहील, कारण रिकामा फिल्टर भरायला वेळ लागतो. दहा सेकंद होऊनही विझला नाही तर इंजिन बंद करा. मिनिटभर चालू ठेवून प्लग आणि फिल्टरपाशी गळती बघा, मग गाडी खाली घेऊन पुन्हा पातळी तपासा. तारीख आणि किलोमीटर कुठेतरी लिहून ठेवा, आणि सर्व्हिसची आठवण देणारा दिवा असेल तर तो रीसेट करा.

९. ड्रेन प्लग किती आवळायचा?

लोकांना वाटतं त्यापेक्षा बराच कमी. अनेक लहान गाड्यांत तो २५ ते ४० न्यूटन मीटरच्या दरम्यान असतो, नेमका आकडा पुस्तिकेत. चेंबर ॲल्युमिनियमचं असेल तर आटे मऊ असतात आणि एका जादा हिसक्यात जातात. प्लग नेहमी बोटांनी सुरू करा. दोन-तीन वेढे बोटांनी सहज बसत नसतील तर तो तिरका लागतोय, काढून पुन्हा लावा. गळती थांबवण्याचं काम वॉशर करतो, तुमचा जोर नाही. तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा वॉशर एकदा चेपला की त्याचं काम संपलं, म्हणून तो दरवेळी नवा.

१०. फिल्टर बदलताना काय चुकतं?

जुन्या फिल्टरचं रबर इंजिनालाच चिकटून राहतं आणि नवा फिल्टर त्याच्यावर बसवला जातो. दोन रबरं एकावर एक. उभ्या गाडीत काहीच कळत नाही. दाब वाढला की आतलं रबर सरकतं आणि एक-दोन मिनिटांत सगळं ऑइल रस्त्यावर. माझ्याकडून हे एकदा झालं आहे. गाडी फाटकाबाहेरही गेली नव्हती म्हणून इंजिन वाचलं. तेव्हापासून जुना फिल्टर काढला की आधी त्याचं रबर त्याच्यावर आहे का बघतो, मग बसायची जागा फडक्याने पुसतो.

नव्या फिल्टरच्या रबराला बोटाने नवं ऑइल लावा. रबर टेकेपर्यंत हाताने फिरवा आणि त्यानंतर साधारण पाऊण वेढा, तोही हातानेच. पाना फक्त काढायला. फिल्टर डब्यासारखा नसून आत कागदी नळकांडं असेल तर प्लास्टिकच्या टोपीचं ओ-रिंग बदला आणि टोपीवरच छापलेला टॉर्क पाळा.

११. किती ऑइल भरायचं? पुस्तिकेत दोन आकडे आहेत.

एक फिल्टरसह, एक फिल्टर न बदलता. तुम्ही फिल्टर बदलताय, म्हणून मोठा आकडा. पण एकदम सगळं ओतू नका, कारण जुनं थोडं आत राहिलेलंच असतं. अर्धा लिटर हातचं राखून भरा, इंजिन मिनिटभर चालवा, बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा आणि डिपस्टिक बघा. आधी पुसून, मग बुडवून. दोन खुणांच्या मध्ये वरच्या बाजूला पातळी आली की पुरे. बऱ्याच गाड्यांत खालच्या खुणेपासून वरच्या खुणेपर्यंत साधारण एक लिटर मावतं.

१२. वरच्या खुणेच्या वर गेलं तर काय बिघडतं?

केसभर वर गेलं तर काही नाही. अर्धा-एक लिटर जास्त झालं तर फिरता क्रँकशाफ्ट ऑइल घुसळतो आणि फेस होतो. फेसात हवा असते आणि हवा बेअरिंगला वाचवत नाही. डिझेलमध्ये धोका आणखी आहे. जादा ऑइल ब्रीदरच्या (इंजिनातली वाफ बाहेर काढणाऱ्या) नळीतून हवेच्या वाटेने आत शिरलं तर इंजिन तेच इंधन म्हणून जाळत सुटतं आणि चावी काढूनही थांबत नाही. म्हणून जादा ऑइल काढून टाका: प्लग किंचित सैल करून, किंवा डिपस्टिकच्या नळीतून सिरिंजने ओढून.

१३. कालच बदललं आणि आज काळं दिसतंय. ऑइल खोटं होतं का?

डिझेल असेल तर अगदी साहजिक आहे. आत उरलेल्या ऑइलमधली काजळी नवं ऑइल काळं करायला पुरते, आणि ती काजळी धरून ठेवणं हे ऑइलचं कामच आहे. गॅसवरच्या गाडीत उलट होतं, ऑइल महिनोन्महिने सोनेरी दिसतं आणि तरी आतून संपलेलं असतं. रंगावरून ऑइल बदलायचं ठरवू नका, प्रश्न ६ मधला हिशेब धरा.

१४. ऑइल न घालताच पातळी वाढली. झाकणाच्या आत पांढरट साय आहे. हे काय?

या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात. नुसती झाकणाखालची साय बहुधा वाफेचं पाणी असतं, विशेषतः थंडीत आणि छोट्या फेऱ्यांत. अर्धा-पाऊण तास सलग गाडी चालवल्यावर ती जाते. पण डिपस्टिकवरचं ऑइलही दुधाळ असेल आणि कूलंट कमी होत असेल तर हेड गॅस्केट (सिलिंडर आणि त्यावरच्या हेडमधलं सील) किंवा ऑइल कूलर तपासून घ्या आणि तोवर गाडी चालवू नका.

पातळी वाढलीय, ऑइल दुधाळ नाही, पण इंधनाचा वास येतो? मग ऑइलमध्ये इंधन उतरतंय. काजळीचा फिल्टर असलेल्या डिझेल गाड्यांत हे नेहमीचं. फिल्टर साफ करायला गाडी जादा डिझेल सोडते आणि ती प्रक्रिया दरवेळी मध्येच तुटली, तर ते डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून चेंबरमध्ये येतं. असं पातळ झालेलं ऑइल मुदतीची वाट न बघता बदला.

१५. गाडी ऑइल खाते. जाड ग्रेड घालू का?

आधी किती खाते ते मोजा. काही उत्पादक १,००० किलोमीटरला अर्ध्या लिटरपर्यंतचा खप चालण्याजोगा मानतात, ऐकायला कितीही जास्त वाटला तरी. मग कारण शोधा. बराच वेळ उभ्या गाडीने चालू होताना निळा धूर टाकला तर संशय व्हॉल्व्ह सीलवर, वेग घेताना टाकला तर पिस्टन रिंगवर. ब्रीदरचा पीसीव्ही व्हॉल्व्ह (ती वाफ सोडणारी झडप) तुंबला असेल तर स्वस्तात सुटलात, तो सगळ्यात आधी बघा. पुस्तिकेत ३० आणि ४० दोन्ही दिलेले असतील तर ४० वर जायला हरकत नाही, खप थोडा कमी होऊ शकतो. पण ती मलमपट्टी झाली, रिंगा त्याने बऱ्या होत नाहीत.

१६. ०डब्ल्यू-२० अगदी पाण्यासारखं वाटतं. जरा दाट घातलं तर इंजिन जास्त टिकेल ना?

बोटावरचा दाटपणा आणि बेअरिंगमधला दाटपणा यांचा फारसा संबंध नाही. पातळ ऑइलसाठी बनवलेल्या इंजिनात ऑइल पंप, फटी आणि व्हॉल्व्हचं टायमिंग बदलणारी यंत्रणा, सगळं त्या हिशेबाने असतं. दाट घातलं म्हणून इंजिन लगेच बसणार नाही, पण इंधन जास्त लागेल आणि थंडीत ऑइल वर पोचायला उशीर होईल. त्याच इंजिनाला दुसऱ्या देशात उत्पादक ३० सुचवतो असं दिसतं, ते खरं आहे. पातळ ग्रेडमागे इंधनबचतीचे नियमही आहेत. म्हणून माझं मत असं: पुस्तिका जड ओझ्यासाठी किंवा सतत जास्त वेगासाठी एक पायरी वरचं ग्रेड देत असेल तर खुशाल घ्या. देत नसेल तर स्वतःच्या अंदाजाने घेऊ नका. टायमिंग बेल्ट ऑइलमध्येच फिरणारं इंजिन असेल तर ग्रेडच काय, मंजुरी क्रमांकही सोडू नका. चुकीच्या ऑइलने तो बेल्ट फुगतो, त्याचे तुकडे पडतात आणि ऑइल पंपाची जाळी तुंबते.

१७. प्रवासात ऑइल कमी पडलं आणि तेच मिळत नाही. दुसऱ्या ब्रँडचं चालेल?

चालेल. ऑइल कमी असण्यापेक्षा वेगळ्या ब्रँडचं असणं केव्हाही बरं. एपीआयच्या वर्गात बसणारी ऑइलं एकमेकांत मिसळली पाहिजेत अशी अटच आहे. ग्रेडही शेजारचं चालतं, ५डब्ल्यू-३० मध्ये अर्धा लिटर ५डब्ल्यू-४० गेल्याने काही होत नाही. फक्त काजळीच्या फिल्टरवाल्या गाडीत वर्गाकडे लक्ष ठेवा (प्रश्न ४).

१८. ऑइलचा लाल दिवा लागला. पुढच्या वळणापर्यंत जाऊ का?

नको. लाल दिवा पातळीचा नाही, दाबाचा आहे. बाजूला घ्या, इंजिन बंद करा, मग डिपस्टिक बघा. पिवळा दिवा बहुधा पातळीचा असतो, तिथे थोडी उसंत मिळते.

१९. गाडीचं उरलेलं ऑइल मोटरसायकलला घातलं तर?

जिचा क्लच ऑइलमध्ये बुडालेला असतो तिला नको. गाडीच्या ऑइलमधली घर्षण कमी करणारी द्रव्यं क्लचच्या प्लेटा घसरवू शकतात. तिला जासो या जपानी मानकाचं एमए किंवा एमए२ लिहिलेलं ऑइल लागतं.

२०. ड्रेन प्लगचे आटे गेले. आता पूर्ण चेंबर बदलायचं?

बहुतेक वेळा नाही. जुने आटे मोठे करून आत तारेचं किंवा भरीव इन्सर्ट बसवता येतं आणि मूळ मापाचाच प्लग पुन्हा लागतो. लेथचं काम करणारा माणूस हे तासाभरात करतो. मोठ्या मापाचा, स्वतःचे आटे पाडणारा प्लग ठोकण्याचा मोह टाळा. तो पुढच्या दोन-तीन बदलांत उरलेलं धातूही खातो. तोवर टेफ्लॉनची टेप गुंडाळून गाडी चालवू नका, तिचे धागे सुटून ऑइलच्या वाटेत जातात.

२१. जुन्या ऑइलचं काय करायचं?

गटारात, मातीत किंवा कचऱ्यात नाही. त्यात जड धातू आणि जळालेले अंश असतात, त्वचेलाही ते सारखं लागणं घातक, म्हणून प्रश्न ७ मधले हातमोजे. नव्या ऑइलच्याच रिकाम्या डब्यात भरून झाकण घट्ट लावा आणि वापरलेलं ऑइल घेणाऱ्या गॅरेजला किंवा संकलन केंद्राला द्या. ते शुद्ध करून पुन्हा वापरता येतं. फिल्टर उलटा ठेवून रात्रभर निथळू द्या आणि तोही सोबत न्या. एक अट पाळा: त्यात कूलंट, ब्रेक ऑइल किंवा रॉकेल ओतू नका. एकदा भेसळ झाली की केंद्रवाले तो डबा घ्यायला नकार देऊ शकतात.